स्टँडवर एकट्याने चढण्याआधी

प्रिय ईशान,

काल रिचलंडच्या शेतमालक काकांशी बोलले. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तू हरणाच्या शिकारीसाठी धनुष्यबाण घेऊन त्यांच्या रानात स्टँडवर, म्हणजे झाडाला उंच बांधलेल्या पाटावर, एकटा बसलास तर त्यांची हरकत नाही. खालच्या फाटकाला कडी लावायची आणि गाडी कोठाराच्या मागे ठेवायची, एवढंच त्यांचं म्हणणं. हरकत माझीच होती. ती मागे घेतेय, म्हणून हे पत्र. फोनवर सांगायला लागले की तू 'हो आई, माहितीये' म्हणतोस आणि पुढचं तुझ्या कानात शिरत नाही.

नेम कसा धरायचा यावर मी काही लिहिणार नाही. वीस यार्डांवरून तुझे बाण कागदी ताटलीच्या मध्यावर बसतात, ते मी मागच्या अंगणात पाहिलंय. आणि बाणाला वीस यार्ड जायला सेकंदाचा पाचवा भाग पुरतो. या शिकारीतलं तेच सगळ्यात सोपं. त्याच्या आधी आणि नंतर जे तास जातात, माणसं फसतात ती तिथे.

पहिलं म्हणजे चढणं. दर वर्षी थंडी पडली की आमच्या फिजिओथेरपी विभागात कोण येतं ते मला पाठ झालंय. बंदुकीने जखमी झालेला एखादा. बाकी सगळे स्टँडवरून पडलेले. टाचेचं हाड चुरलेलं, कमरेचा मणका दबलेला, मनगट मोडलेलं. यात नवशिके थोडेच असतात. जन्मभर रानात गेलेली, पांढऱ्या दाढीची माणसं असतात. हार्नेस, म्हणजे झाडाला अडकवायचा अंगावरचा सुरक्षापट्टा, होता का म्हणून विचारलं की 'होता' म्हणतात. कुठे होता? गाडीत. नाहीतर अंगावर होता, पण वर पोचल्यावर अडकवायचा होता. गंमत अशी की बसल्याजागी पडलेला फारसा कोणी भेटत नाही. शिडी सोडून स्टँडच्या पाटावर पाय टाकताना पडतात, किंवा संध्याकाळी हातपाय गारठलेले असताना उतरताना.

म्हणून ती लाइफलाइन. ओकच्या खोडाला वर पक्की बांधलेली दोरी बुंध्यापर्यंत आलेली आहे आणि तिच्यावर प्रुसिक गाठ आहे. पाय जमिनीवर असतानाच हार्नेसचा पट्टा गाठीच्या कडीत अडकव. चढताना गाठ वर सरकवत ने, उतरताना खाली. झटका बसला की ती आपोआप आवळते. पट्टा सुटेल तो पुन्हा जमिनीला पाय लागल्यावर, मध्ये एकदाही नाही. वर बसलास की गाठ डोक्याच्या वर घे आणि पट्टा जवळजवळ ताणलेला ठेव. ढिला ठेवलास तर पडल्यावर पाटाच्या खाली लोंबकळशील आणि परत वर येता येणार नाही. लोंबकळणंही साधं नव्हे. मांड्यांच्या पट्ट्यांनी पायातलं रक्त अडतं आणि थोड्याच वेळात माणूस बेशुद्ध होऊ शकतो. हार्नेसच्या खिशात एक जादा पट्टा गुंडाळून ठेवलाय, त्याचा फास करून त्यात पाय रोवून उभं राहायचं. घरी गॅरेजच्या तुळईवर हे एकदा करून बघ. हसतील शेजारी, हसू देत. आणि फोन छातीच्या खिशात ठेव. फांदीला टांगलेल्या पिशवीतला फोन लोंबकळणाऱ्या माणसाच्या काय कामाचा?

धनुष्य खांद्याला लावून चढायचं नाही. खाली ठेव, वर जाऊन बस, मग दोरीने ओढून घे. बाण भात्यात, ब्रॉडहेड, म्हणजे बाणांची धारदार टोकं, टोपणाखाली. ती पाती दाढीच्या ब्लेडसारखी असतात आणि त्यांना हरीण कोण आणि तू कोण हे कळत नाही.

स्टँड सप्टेंबरमध्ये बाबांनी आणि मी जाऊन तपासलाय. एक पट्टा खारींनी कुरतडला होता. शिवाय झाड वाढतं, त्यामुळे वर्षभर तसाच राहिलेला पट्टा खोडात रुततो आणि ताणून तुटायला येतो. सगळे पट्टे नवे घातलेत. बाबा अंडंसुद्धा खात नाहीत, पण त्या शिडीचे बोल्ट त्यांच्याशिवाय कोणी आवळलेले मला चालत नाहीत.

आता वारा. विस्कॉन्सिनच्या या कोपऱ्यात हिमयुगातले बर्फाचे थर पोचलेच नाहीत, म्हणून इथल्या टेकड्या सपाट झाल्या नाहीत आणि दऱ्या खोल राहिल्या. अशा जागी हवामानाच्या ॲपवरची वाऱ्याची दिशा अर्धीच खरी असते. उन्हं येऊन उतार तापला की हवा वर चढते, संध्याकाळी गार होऊन दरीत उतरते, आणि तुझा वास तिच्याबरोबर जातो. हरणांची वाट आपल्या ओकच्या खालच्या अंगाला आहे. त्यामुळे तो स्टँड सकाळचा. संध्याकाळी तिथे बसलास तर वास थेट वाटेवर उतरेल आणि तुला काही दिसायच्या आधी रान रिकामं होईल. अंधारात जाऊन बस आणि उन्हं येईपर्यंत धीर धर. खिशात मिल्कवीडच्या चार शेंगा ठेव. आपल्या रुईच्याच कुळातलं झाड आहे ते. कोल्हापुरात आम्ही ज्यांना म्हाताऱ्या म्हणून फुंकायचो, तसल्याच म्हाताऱ्या निघतात त्यातून. एक सोडली की हवा नेमकी कुठे वळते ते लांबपर्यंत दिसतं.

त्या पंधरवड्यात नर माजावर आलेले असतात. भर दुपारीही मादीच्या मागे नाक जमिनीला लावून येतील. मोठी शिंगं दिसली की छाती धडधडणारच, माझी अजून धडधडते. पण हरीण अगदी झाडाखाली आलं तर बाण सोडू नकोस. वरून इतक्या सरळ कोनात एकच फुप्फुस सापडतं आणि जनावर तसंच मैलभर जाऊ शकतं. पुढे जाऊ दे, आडवं किंवा थोडं पाठमोरं होऊ दे. कान टवकारून तुझ्याकडे बघणाऱ्यावर तर नाहीच. धनुष्याच्या दोरीचा आवाज बाणाच्या चौपट वेगाने पोचतो. ते दचकून पळण्यासाठी खाली दबतं, आणि बाण पाठीवर लागतो.

आणि नंतरचं, जे तुला सगळ्यात जड जाणार आहे. बाण लागला, हरीण पळालं, तर जागचा हलू नकोस. ते शेवटचं कुठे दिसलं ते झाड, तो दगड, डोळ्यांत भरून घे. घड्याळ बघ. निदान अर्धा तास वर बसायचं. मग उतर आणि आधी बाण शोध. त्यावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुस. हरीण बहुधा शंभरेक यार्डांच्या आत पडलेलं असेल. काळपट लाल असेल तर यकृत. तीनचार तास थांब. बाणाला हिरवट घाण आणि दुर्गंधी असेल तर पोटात लागलाय, आणि मग आल्या पावली परत जायचं, आठ ते बारा तास तिकडे फिरकायचंही नाही. तोवर ते जवळच कुठेतरी झाडोऱ्यात बसून राहतं. तू मागे लागलास की उठतं आणि कोणालाच सापडत नाही अशा ठिकाणी जाऊन मरतं. रात्रभर राहिलं तर कोयोटी, इथले कोल्ह्यासारखे प्राणी, खातील, हे खरं. तरी थांबायचं. माग मधेच तुटला तर शेवटच्या थेंबापाशी फांदीला कागद बांध आणि मला फोन कर. वासावर माग काढणारे कुत्रे दोरीला धरून आणायला आपल्याकडे परवानगी आहे, आणि ज्यांच्याकडे ते आहेत त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. कुंपणापलीकडे गेलं तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

आजीला तू सांगितलंस, ते बरं केलंस. तिचा फोन आला होता. 'मुलगाही तुझ्याच वळणावर' म्हणाली. तिच्याशी वाद घालू नकोस. तिच्या लेखी शिकार म्हणजे दाजीपूरचं रान, ते महाराजांचं, आणि तेही संपलं. 1972 चा वन्यजीव कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीने उरलेसुरले परवानेही गेले, आणि तिकडे ते योग्यच झालं. इकडे त्याच 1972 साली कायद्याने धनुष्यबाणांवर कर लावायचं ठरलं, जो वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. तुझ्या नव्या धनुष्याच्या किमतीतही तो आहे. दोन्ही देशांची हरणं वेगळी, त्यांची संख्या वेगळी, इथे त्यांना खाणारे लांडगे या दक्षिणेकडच्या शेतांत नाहीत. हे सगळं आजीला फोनवर पटणार नाही. बाईमाणसाने धनुष्य धरावं का, या तिच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी उत्तर देते. अमेरिकेतला फक्त धनुष्यासाठी राखलेला हरणांचा पहिला हंगाम आपल्याच विस्कॉन्सिनने 1934 साली सुरू केला. त्या काळात मॅडिसनला वन्यजीवांचे अभ्यासक ऑल्डो लिओपोल्ड हाताने धनुष्यं घडवायचे, आणि राज्याच्या महिला तिरंदाजीतली विजेती होती त्यांची बायको एस्टेला. मी त्या मानाने कुठेच नाही.

हरीण मिळालं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन नोंद कर. पोट लगेच साफ करायचं, तुला येतं. चरबी सगळी काढून टाक; बोकडाची चरबी रश्श्याला चव देते, हरणाची तोंडात मेणासारखी चिकटते. वरचा पांढरा पापुद्राही सोलून काढ, मग तांबड्या रश्श्यात शिजवलेलं कोणाला ओळखूही येणार नाही.

पण त्याआधी तपासणी. सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा रोग 2002 साली माउंट होरेबजवळ सापडला आणि रिचलंडपर्यंत चांगलाच पसरलाय. रोगट हरीण वर्षभर धडधाकट दिसू शकतं. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण तो प्रथिनाचा रोग, शिजवून जात नाही. मानेच्या तुकड्यासकट डोकं तपासणीच्या पेटीत टाक, फुकट असतं, आणि चिठ्ठीचा नंबर प्रत्येक पाकिटावर लिही. निकाल येईपर्यंत पाकिटं फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात राहतील. तुझ्या रूममेटला कितीही भूक लागली तरी.

जायच्या आदल्या रात्री कुठल्या स्टँडवर आणि किती वाजेपर्यंत, ते बाबांना मेसेज कर. मला नको, मी त्या रात्री ड्यूटीवर आहे.

आई