स्पिन टिकला, पण किती तापमानाला?

महोदय,
'स्पिन ट्रान्झिस्टर' म्हणजे इलेक्ट्रॉनच्या स्पिनने (फिरकीसारख्या चुंबकी गुणाने) चालू-बंद होणारी कळ. तिच्यावरील आपल्या बातमीत गेटचा, म्हणजे नियंत्रण करणाऱ्या टोकाचा, व्होल्टेज इलेक्ट्रॉनची फिरकी उलटवतो, असे म्हटले आहे. गेट स्पिनला थेट हात लावत नाही. पातळ थरात धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला गेटचे विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्रासारखे भासते आणि स्पिन वाटेत वळत जातो. हा राश्बा परिणाम. सुप्रियो दत्ता आणि बिस्वजित दास यांची १९९०ची कल्पना यावरच उभी आहे.

इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या थरात इलेक्ट्रॉनचे परिणामी (स्फटिकात भासणारे) वस्तुमान मुक्त इलेक्ट्रॉनच्या ०.०५ पट आणि राश्बा गुणांक (या परिणामाची ताकद) १०० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट-अँगस्ट्रॉम धरला, तर स्पिन पुरता उलटायला सुमारे २४० नॅनोमीटर लागतात. वाट एक मायक्रॉनची असेल तर चालूचे बंद करायला, म्हणजे पलीकडच्या टोकाशी स्पिन उलटा पोहोचवायला, गुणांक त्याच एककात २४ने बदलला तरी पुरतो. कागदावर हे सुरेख आहे!

प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन अशुद्धींवर आणि स्फटिकाच्या कंपनांवर आदळतात. दिशा बदलली की भासणारे क्षेत्रही बदलते, मग प्रत्येकाचा स्पिन वेगळा भरकटतो. गंमत अशी, की धडका पुरेशा वारंवार बसत असतील तर स्पिन जास्त टिकतो, कारण एका बाजूला फारसा वळण्याआधीच पुढची धडक बसते. त्यामुळे 'नमुना जितका शुद्ध तितका स्पिन दीर्घायुषी' हे बातमीतले वाक्य सरसकट खरे नाही.

शिवाय गॅलियम आर्सेनाइडच्या स्फटिकाची रचनाच असममित असल्याने ड्रेसेलहाउस परिणामही (स्फटिकाच्या रचनेमुळेच स्पिन वळणे) असतो. थर २० नॅनोमीटरवरून १० केला की त्याचा मुख्य भाग चौपट होतो. हे थराच्या दोन्ही कडा अभेद्य भिंती मानून. खऱ्या भिंतींत इलेक्ट्रॉन थोडा झिरपतो आणि वाढ कमी भरते. विद्यार्थ्यांची गणिते बहुधा इथेच फसतात. राश्बा आणि ड्रेसेलहाउस तंतोतंत समान जुळवले, तर स्पिनची नागमोडी मांडणी (थरात लाटेसारखी बदलत जाणारी दिशा) विस्कटत नाही, असे भाकीत २००६ मध्ये झाले. २००९च्या प्रयोगात तिचे आयुष्य सुमारे शंभरपट वाढलेले दिसले, पण थंड नमुन्यात. तोल जरा ढळला की ही वाढ ओसरते.

चुंबकी धातूतून अर्धवाहकात स्पिन घुसवणे ही आणखी वेगळी डोकेदुखी: दोघांच्या रोधात इतकी तफावत, की मध्ये अतिपातळ विद्युतरोधक थर दिल्याशिवाय स्पिन फारसा पलीकडे जात नाही.

तेव्हा अशा बातम्यांत तापमान, थराची जाडी आणि पदार्थाचे नाव छापावे, ही विनंती. ओळ-दीड ओळच लागेल.

– भौतिकशास्त्राचे दोन अभ्यासक, पुणे