घरून काम करण्याची मुभा हवीच, पण तिच्या अटी कागदावर हव्यात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घरून काम करण्याची मुभा चालू ठेवावी की सर्वांना पुन्हा पूर्ण वेळ कार्यालयात बोलवावे, या वादात दोन्ही बाजू उत्पादकतेचेच दाखले देत असतात. घरी काम जास्त होते असे कर्मचारी सांगतात, तर नजरेआड गेलेला माणूस अंग चोरतो अशी वरिष्ठांची कुरकुर असते. ग्राहकांच्या तक्रारी आणि दावे हाताळणाऱ्या एका विभागाची जबाबदारी माझ्याकडे असून विभागातील बहुतेक सहकारी आठवड्यातील काही दिवस घरूनच काम करतात, त्यामुळे ही दोन्ही म्हणणी माझ्या रोज कानावर पडतात. माझी तक्रार वेगळी आहे. मुभा देताना तिच्या अटी कोणी ठरवतच नाही, आणि जे ठरलेले नसते त्याचा भार मुकाट्याने कर्मचाऱ्याच्या घरावर पडतो.

घरून काम करण्याच्या बाजूने ज्या प्रयोगाचा हवाला सर्वाधिक दिला जातो, तो सीट्रिप या चिनी प्रवाससेवा कंपनीच्या शांघाय येथील कॉल सेंटरमध्ये झाला होता. अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. इच्छुकांपैकी कोणी घरी बसायचे आणि कोणी कार्यालयात यायचे, हे जन्मतारीख सम आहे की विषम यावरून ठरवले गेले. नऊ महिन्यांच्या या प्रयोगात घरून काम करणाऱ्यांचे काम १३ टक्क्यांनी अधिक भरले आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण निम्म्यावर आले. हा १३ चा आकडा भाषणांतून आणि सादरीकरणांतून फिरत राहिला. त्यामागचा तपशील मात्र मागेच राहिला. प्रयोगात भाग घ्यायचा तर कंपनीत किमान सहा महिने नोकरी झालेली असणे, घरी ब्रॉडबँड असणे आणि कामाच्या वेळात दुसऱ्या कोणाचा वावर नसेल अशी स्वतंत्र खोली असणे आवश्यक होते. शिवाय ही मंडळी चार दिवस घरी असली तरी पाचव्या दिवशी कार्यालयात येत. काम वाढले तेही मुख्यतः मधल्या सुट्ट्या आणि आजारपणाच्या रजा कमी झाल्यामुळे, म्हणजे माणसे अधिक वेळ फोनवर राहिल्यामुळे. वेग वाढल्याचा वाटा त्यात लहान होता. आणि सारखेच चांगले काम करूनही घरी बसणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता कमी राहिली. पुढे सर्वांना नव्याने निवड करू दिली, तेव्हा अर्ध्याहून अधिक जणांनी आपला आधीचा निर्णय बदलला. घरच्या एकटेपणाला कंटाळून परतणारे त्यांत बरेच होते. गंमत अशी की, ज्याला जिथे मानवते तिथे त्याला बसू दिल्यावर १३ टक्क्यांचा फायदा २२ टक्क्यांच्या घरात गेला.

फायदे खोटे आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. जाण्यायेण्यात रोज खर्ची पडणारा वेळ वाचतो, हा त्यांतला सर्वांना दिसणारा फायदा. चालण्याफिरण्यास अडचण असलेल्या व्यक्ती, घरी आजारी माणूस असलेले, लहान मुलांचे आईवडील यांच्यासाठी तर ही सोय म्हणजे नोकरी टिकणे आणि सुटणे यांतला फरक आहे. त्याच कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर पुढे केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करू दिल्याने राजीनामे एक तृतीयांशाने घटले आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत काही फरक पडला नाही. तेव्हा ‘घरी बसले की कामचुकारपणा’ हे म्हणणे पुराव्यावर टिकत नाही. संगणकाचा माऊस हलतो आहे की नाही, हे पाहणारी सॉफ्टवेअरे बसवून हा संशय जोपासणारे व्यवस्थापक मला तर केविलवाणेच वाटतात.

प्रश्न येतो तो त्या स्वतंत्र खोलीचा. माझी एक सहकारी पलंगाच्या कडेला बसते आणि इस्त्रीच्या उंच टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करते. मागची भिंतच तेवढी दिसावी अशा बेताने तिने कॅमेरा वळवून ठेवलेला असतो. बोलायची पाळी आली की ती म्यूट काढते, दोन वाक्ये बोलते आणि आतल्या खोलीतला आवाज मीटिंगमध्ये यायच्या आत पुन्हा म्यूट करते. तिची पाठ दुखते, हे मला बऱ्याच महिन्यांनी आणि तेही दुसऱ्याच कोणाकडून कळले. कार्यालयातल्या खुर्चीची उंची, उजेड, वीज, इंटरनेट, देखभाल ही सारी मालकाची जबाबदारी मानली जाते. तेच काम घरी गेले की ती नकळत कर्मचाऱ्याची होते, आणि कंपनीच्या हिशेबात मात्र जागेच्या भाड्याची बचत जमेला पडते. पोर्तुगालने २०२१ मध्ये कायदा करून घरून काम केल्याने वाढणारा वीज आणि इंटरनेट यांसारखा खर्च मालकाने भरून द्यावा असे ठरवले, ते मला रास्त वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत यात आणखी एक गुंता आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार, जगातील बिनपगारी घरकाम आणि सांभाळ यांतील ७६ टक्क्यांहून अधिक तास स्त्रियांच्या वाट्याला येतात. बाई घरात दिसते, म्हणजे ती मोकळी आहे, हा समज लॅपटॉप उघडा असला तरी जात नाही. त्यामुळे एकाच घरात, एकाच पदावर, एकाच वेळी काम करणाऱ्या दोघांपैकी दारावरची बेल वाजल्यावर कोण उठते, हे वेगळे सांगायला नको. याला कंपनीचे परिपत्रक पुरे पडणार नाही, हे मी जाणते; पण निदान घरून काम ही ‘स्त्रियांसाठी खास सवलत’ म्हणून देऊ नये, ती सर्वांना सारखी द्यावी. नाही तर नोकरीही तिची, घरही तिचेच, आणि बढती कार्यालयात बसणाऱ्याची, असे होऊन बसते.

वेळेच्या हद्दीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो. घरून काम करताना हे तास कधी वाढतात ते कळत नाही, कारण दिवस संपल्याची खूण करणारे काही घडतच नाही. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली आहे. मला यात एवढीच भर घालावीशी वाटते की, रात्री संदेश पाठवून खाली ‘उद्या पाहिलेस तरी चालेल’ असे लिहिणाऱ्या वरिष्ठाने तो संदेश उद्याच पाठवावा.

सर्वांत मोठे नुकसान ज्यांचे होते ते या वादात बोलतच नाहीत, कारण त्यांना अजून बोलण्याइतका अधिकार मिळालेला नसतो. मी नव्याने नोकरीला लागलेल्यांविषयी लिहीत आहे. आमच्या कामात नियमपुस्तिका जाडजूड आहे, पण काम शिकायचे ते शेजारच्या टेबलावरून. चिडलेल्या ग्राहकाला जुना सहकारी आधी पूर्ण बोलू देतो, मग त्याचेच शब्द वापरून तक्रार पुन्हा सांगतो, आणि ‘नाही’ म्हणायच्या आधी काय होऊ शकते ते सांगतो. हे कोणत्याही प्रशिक्षणाच्या फायलीत लिहिलेले नाही. नवा मुलगा ते नुसते कानावर पडून शिकत असे. आता तो घरी एकटा बसतो. अडले की संदेश टाइप करतो, प्रश्न फारच बाळबोध वाटेल म्हणून खोडतो, पुन्हा लिहितो, वरिष्ठाच्या नावापुढचा हिरवा ठिपका पेटण्याची वाट पाहतो, आणि शेवटी अंदाजानेच दावा पुढे सरकवतो. ती चूक माझ्यापर्यंत येते तेव्हा ग्राहकाची दुसरी तक्रार आलेली असते.

हा केवळ माझ्या विभागाचा अनुभव नाही. एका मोठ्या कंपनीतील सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांचा सगळा गट एकाच इमारतीत बसत होता त्यांना आपल्या कोडवर सहकाऱ्यांचे अभिप्राय अधिक मिळत होते, आणि नवख्यांच्या बाबतीत हा फरक विशेष होता. त्याच वेळी शिकवणाऱ्या ज्येष्ठांचे स्वतःचे काम मात्र कमी होत होते. ज्येष्ठांना घरून काम अधिक ‘उत्पादक’ का वाटते, याचा एक उलगडा मला यातून होतो: त्यांना कोणी मध्येच येऊन विचारत नाही. मायक्रोसॉफ्टच्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही, सर्वजण घरून काम करू लागल्यावर संवाद आपापल्या गटापुरता आकसला आणि गटागटांमधले दुवे विरळ झाले, असे आढळले होते.

यावर सर्वांना सरसकट परत बोलावणे हा उपाय नव्हे. नवख्यांना कार्यालयात आणायचे आणि ज्यांच्याकडून शिकायचे ते घरी, अशी सक्ती तर हास्यास्पदच ठरते, आणि ती मी पाहिली आहे. कार्यालयात यायचे दिवस संपूर्ण गटाने एकच ठरवावेत. नव्या कर्मचाऱ्याचे पहिले काही महिने एका ज्येष्ठाशी जोडलेले असावेत आणि शिकवण्यात गेलेला वेळ त्या ज्येष्ठाच्या मूल्यमापनात धरावा. खुर्ची, टेबल, वीज आणि इंटरनेट यांचा खर्च कोण देणार, संपर्काची वेळ कोणती, बढतीसाठी हजेरी मोजली जाणार की काम, हे नेमणूकपत्रात लिहिलेले असावे. मुभा नाकारणाऱ्या वरिष्ठाकडे त्या नकाराची कारणे लेखी मागता यावीत, आणि घरून काम नको म्हणणाऱ्यालाही कार्यालयातले टेबल मिळावे.

ज्यांच्या घरी खोली नाही त्यांच्यासाठी एक जुनी कल्पना पुन्हा तपासून पाहण्यासारखी आहे. १९७० च्या दशकात तेलटंचाई आणि वाहतूक कोंडी यांच्या पार्श्वभूमीवर अमेरिकेत जॅक निल्स यांनी दूरस्थ कामाचा विचार मांडला, तेव्हा एका विमा कंपनीच्या कर्मचाऱ्यांना त्यांनी घरी बसवले नव्हते. घराजवळच्या लहान केंद्रांत बसवले होते. आज कंपन्यांच्या मोठ्या इमारती आठवड्यातील कित्येक दिवस अर्ध्या रिकाम्या असतात. त्यांच्या भाड्यातला थोडा भाग अशा केंद्रांकडे वळवला, तर पलंगाच्या कडेला बसून काम करणाऱ्यांची सोय होईल आणि प्रवासाचा वेळही वाचेल.

आपली विश्वासू,
एक वाचक