पट्टीवर तारीख लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या पानांवर सर्पदंशाच्या बातम्या सुरू होतात. लस वेळेत मिळाली की नाही, इथे त्या बहुधा थांबतात. घोणस चावली तर पुढे मूत्रपिंडाचे दुखणे उभे राहू शकते. तेव्हा डायलिसिससाठी शिरेत जी नळी घालतात, तिच्या निगेबद्दल लिहितो आहे.

मागच्या वर्षी डवरणीच्या दिवसांत माझ्या मोठ्या भावाला धुऱ्यावर घोणस डसली. ग्रामीण रुग्णालयात लस लागली, पण दुसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. शहरात नेऊन आयसीयूत डायलिसिस करावे लागले. हातावर फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी शस्त्रक्रियेने जोडून केलेली जागा, करायला सवड नव्हती, तो तयार व्हायलाच दीड-दोन महिने लागतात. म्हणून जांघेतल्या मोठ्या शिरेत जाड नळी घातली. त्या नळीने भाऊ वाचला आणि तिच्यापायीच पुन्हा हातचा जायची वेळ आली.

चौथ्या डायलिसिसला मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, त्याला अशी हुडहुडी भरली की खाट हलायला लागली. आम्ही दोन ब्लँकेटं घातली, म्हटले मलेरिया असेल. सिस्टरने पांघरूण सारले तर पट्टीची एक कड सुटून वर आलेली, खाली घामाने ओला गॉज. रक्तात जंतू आहेत का हे पाहायला रक्ताचे कल्चर पाठवले, नळी काढली, दुसऱ्या बाजूने नवी घातली. अँटिबायोटिक्स आणि मुक्काम, दोन्ही वाढले.

डायलिसिसची नळी म्हणजे कातडीवरच्या जंतूंना थेट रक्तात जायची वाट. दर वेळी तिची टोपणे उघडतात आणि लावतात. ती उघडताना मास्क, निर्जंतुक हातमोजे, टोकांना क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक आणि ते वाळेपर्यंत थांबणे, एवढे तरी हवे. गॉजची पट्टी दर दोन दिवसांनी, पारदर्शक पट्टी सात दिवसांनी बदलायची. ओली झाली तर लगेच. आणि ही नळी डायलिसिसपुरतीच. हाताची शीर सापडेना म्हणून एका रात्री तिलाच सलाईन जोडलेले मी पाहिले. तेव्हा मला ते हुशारीचे वाटले होते!

यात महागडे काही नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी मोठ्या शिरांतल्या नळ्यांसाठी हात धुण्यापासून गरज संपताच नळी काढण्यापर्यंत पाचच गोष्टी कसोशीने पाळल्या. २००६ साली आलेल्या अहवालात नळीमुळे रक्तात होणारे संसर्ग ६६ टक्क्यांपर्यंत घटल्याचे नोंदले आहे. त्या सगळ्या डायलिसिसच्या नळ्या नव्हत्या, पण जंतूंना कुठे फरक कळतो?

आपल्याकडे २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमातून जिल्हा रुग्णालयांत यंत्रे येऊ लागली, महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही डायलिसिस बसते. चांगलेच झाले. यंत्राच्या उद्घाटनाची फीत कापतानाचा फोटो आपण छापता, तसे नळीमुळे किती जणांना ताप आला हेही त्या विभागाला विचारा. बहुतेक ठिकाणी आकडा मागणाराच कोणी नसावा. सिस्टरना दोष देत नाही. रात्री एकेकीकडे किती खाटा असतात ते मी पाहिले आहे.

माझी मागणी लहान आहे. नळी कधी घातली, पट्टी कधी बदलली, हे पट्टीवरच पेनाने लिहावे आणि नातेवाइकाने विचारले तर चिडू नये. भावाची नळी किती दिवसांची होती हे आम्हाला शेवटी बिलावरून काढावे लागले.

एक वाचक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ