हत्तीरोग ओसरत असताना तपासणी आखडती घेऊ नये: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: हत्तीरोगाच्या निदानासाठी आणि त्यावरील संशोधनासाठी स्वतंत्र तरतूद करण्याबाबत

महोदय,

देशातून 2027 पर्यंत हत्तीरोगाचे दूरीकरण करण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने ठेवले असून, त्यासाठीचा आयव्हरमेक्टिन, डीईसी (डायएथिलकार्बामाझिन) आणि अल्बेंडाझोल हा तिहेरी औषधोपचार ज्या मोजक्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला त्यांत आपला नागपूर जिल्हा होता. आशा सेविका घरोघरी जाऊन समोर गोळ्या खाऊ घालतात, त्या कामाचे मोल मी जाणतो. माझे म्हणणे गोळ्यांबद्दल नाही. गोळ्या दिल्यानंतर गावात या रोगाचा, डासामार्फत पसरणारा जंत उरला की नाही हे आपण कोणत्या साधनाने आणि कोणाच्या शरीरात पाहतो, त्याबद्दल आहे.

या रोगाचे निदान फसवे आहे. ज्याचा पाय सुजून हत्तीपाय झाला आहे, त्याच्या रक्तात बहुतेक वेळा जंत सापडत नाही. आणि ज्याच्या रक्तात मायक्रोफायलेरिया, म्हणजे या जंताची सूक्ष्म पिल्ले, फिरत असतात तो बहुधा धडधाकट, कामावर जाणारा माणूस असतो. त्यामुळे रुग्णांची यादी केली म्हणजे रोगाचा प्रसार मोजला, असे होत नाही. शिवाय आपल्याकडील वुचेरेरिया बँक्रॉफ्टी या जंताची पिल्ले रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून रक्तनमुना रात्री घ्यावा लागतो. कोलकात्यात टिमथी लुईस यांनी 1872 मध्ये माणसाच्या रक्तात ही पिल्ले पाहिली, त्याला दीडशे वर्षे होऊन गेली, तरी आरोग्य सेवकाला आजही रात्री दहाला दार ठोठवावे लागते आणि ‘दिवसा का येत नाही?’ हा प्रश्न ऐकावा लागतो. प्रश्न रास्तच आहे. बोटाला टोचून घेतलेला तो थेंब काचपट्टीवर पसरवायचा, वाळवायचा, दुसऱ्या दिवशी पाण्याने त्यातील हिमोग्लोबिन काढून रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली आवरण असलेले, शेपटीच्या टोकाशी केंद्रके नसलेले ते पिल्लू शोधायचे, हे काम सरावलेल्या तंत्रज्ञाचे आहे. असा तंत्रज्ञ निवृत्त झाला आणि जागा रिकामी राहिली, तर तो सराव पुन्हा मिळवायला वर्षे लागतात.

फायलेरिया टेस्ट स्ट्रिप या झटपट रक्तचाचणीच्या पट्टीने यातील बरीच अडचण दूर केली, हे खरे. ती प्रौढ जंताचे प्रतिजन, म्हणजे जंताकडून रक्तात आलेला त्याची खूण पटवणारा पदार्थ, शोधते, त्यामुळे दिवसाचे रक्त चालते. 75 मायक्रोलिटर रक्त आणि दहा मिनिटे पुरतात. मात्र दहा मिनिटांनंतर, सवडीने पाहिलेल्या पट्टीवर नसलेली रेघ उमटलेली दिसू शकते, आणि शिबिराच्या गर्दीत सवडीने पाहणे कसे घडते ते क्षेत्रात काम केलेल्यांना ठाऊक आहे. याहून मोठी मर्यादा अशी की औषधोपचारानंतर रक्तातील पिल्ले नाहीशी झाली तरी प्रतिजन दीर्घकाळ टिकून राहते. म्हणजे पट्टी सकारात्मक आलेला माणूस आज डासामार्फत रोग पसरवू शकतो का, हे ती पट्टी सांगत नाही. त्यासाठी पुन्हा रात्रीच्या काचपट्टीकडेच वळावे लागते. रात्री रक्तनमुने घेणारी रात्र चिकित्सालये आता जुनाट झाली, असे जे कधीकधी ऐकू येते ते मला म्हणूनच पटत नाही.

तपासायचे कोणाला, हाही प्रश्न आहे. प्रसार थांबल्याची खात्री करण्यासाठी सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी करण्याची रीत आहे, कारण त्या मुलांत संसर्ग आढळला तर तो अलीकडचाच असणार. तर्क योग्य आहे, पण जंताचा उरलासुरला साठा बहुतेकदा प्रौढांत असतो, विशेषतः गोळ्या वाटण्याच्या मोहिमेच्या वेळी गावात नसलेल्या प्रौढांत. गडचिरोली, चंद्रपूर आणि गोंदियाचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात, तो हंगाम आणि 10 फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होणारी मोहीम एकमेकांवर येतात. गोळी चुकलेला माणूस परत येतो तेव्हा मोहीम संपलेली असते आणि पुढे शाळेत होणाऱ्या तपासणीत त्याचा संबंधच येत नाही. श्रीलंकेला 2016 मध्ये दूरीकरणाची मान्यता मिळाली, तरी गॉलच्या किनारपट्टीवर डासांच्या तपासणीत जंताचा अंश त्यानंतरही सापडला. तिथे तो सापडला, कारण शोधणे थांबले नव्हते.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. दूरीकरण जाहीर झाल्यानंतरही किमान दहा वर्षे रात्र चिकित्सालये आणि त्यांतील तंत्रज्ञांची पदे कायम ठेवावीत. प्रौढ जंत शरीरात पाच ते सात वर्षे जगतो, हे लक्षात घेता ही मुदत जास्त नाही. स्थलांतरित मजूर परतल्यावर त्यांच्यासाठी वेगळी फेरी काढून गोळी आणि रक्तनमुना दोन्ही उरकावे. हा रोग पसरवणारे क्युलेक्स डास पकडून त्यांत जंताचा डीएनए शोधण्याची सोय विदर्भातील किमान एका शासकीय प्रयोगशाळेत उभारावी, म्हणजे दारोदार बोटे टोचण्याचे कामही काही अंशी हलके होईल.

आणि संशोधनाला पैसा द्यावा. जिवंत जंत आणि मेलेल्या जंताचे उरलेले प्रतिजन यांत फरक करणारी, गावात वापरता येणारी स्वस्त चाचणी आपल्याला हवी आहे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हत्तीरोगाच्या प्रतिजनांवर आणि त्यांच्याविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांवर अनेक दशके काम झाले आहे, पुदुच्चेरीच्या वेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरचा या रोगावरील अनुभवही देशातच उपलब्ध आहे. रुग्ण कमी झाले की नव्या चाचणीची पारख करायला नमुने मिळत नाहीत, त्यामुळे हे काम करायचे असेल तर ते पुढच्या दोन-तीन वर्षांतच करावे लागेल.

येत्या अर्थसंकल्पात यासाठी औषध खरेदीपासून वेगळे लेखाशीर्ष ठेवणार का, याचे उत्तर आपण जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
परजीवीशास्त्राचा एक अभ्यासक, वर्धा