विषय : तुमच्या फ्रिजमध्ये बर्फ नेमका कुठे ठेवायचा?

प्रति,
मुख्य व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

संदर्भ : माझी तक्रार, जी तुमच्या सिस्टीममध्ये दर वेळी ‘निवारण झाले’ म्हणून आपोआप बंद होते.

महोदय,

अर्ध्या तासापूर्वी तुमच्या सेवा केंद्राशी बोलून फोन ठेवला. रागाच्या भरात लिहू नकोस असं घरच्यांचं म्हणणं पडलं, म्हणून मधे चहा करून घेतला. चहाचा काही उपयोग झालेला नाही.

तुमचा तो चाळीस लिटरचा, चाकांचा, कॉम्प्रेसरवाला पोर्टेबल फ्रिज. त्याची ओळख तुम्हाला करून द्यायची गरज नाही. मे महिन्यात तो आम्ही कोकणात नेला. व्हॅनमध्ये मागे झोपायची सोय करून घेतलेली आहे. हर्णैपासून मालवणपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं, वाटेत मुक्काम गाडीतच, असा बेत होता. या एका वस्तूच्या भरवशावर सासूबाईंचं इन्सुलिन, नातवाचं दूध आणि मासे बरोबर घेतले. स्वस्तातला पेल्टियरचा डबा, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय विजेवर गार होणारा, मी मुद्दाम घेतला नाही. तो बाहेरच्या हवेपेक्षा फार तर पंधरा-वीस अंश खाली जातो. ३५ अंशांच्या दुपारी त्यात दूध फाटणारच. म्हणून दुप्पट-तिप्पट पैसे मोजून कॉम्प्रेसर घेतला. खोक्यावर तंबू, मागे वाळवंट, वाळवंटात तुमचा फ्रिज आणि त्यावर दव. ‘कुठेही, कधीही, थंडगार.’

निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर लावून फ्रिज पुरता गार करून घेतला होता. हे आधीच लिहिते, कारण तुमचा माणूस ‘प्री-कूलिंग केलं होतं का’ हा प्रश्न माझं पहिलं वाक्य संपायच्या आत विचारतो. केलं होतं. दर वेळी सांगितलंय. केलं होतं.

संध्याकाळी हर्णैच्या लिलावातून सुरमई घेतली, तिथेच कापून डब्यात भरली, डबा फ्रिजमध्ये. कर्द्याला समुद्राजवळ गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि झोपलो. सकाळी झाकण उघडलं तर जो वास आला त्याचं वर्णन पत्रात करता येणार नाही. पडद्यावर ‘एफ १’. पुस्तिकेत अर्थ पाहिला : बॅटरीचा व्होल्टेज कमी. गाडीला चावी लावली तर गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. म्हणजे गाडीची बॅटरी ठणठणीत आणि फ्रिजच्या मते ती मेलेली. दाभोळच्या जेट्टीवर फेरीबोटीच्या रांगेत इंजिन बंद ठेवलं, पुन्हा ‘एफ १’. धोपाव्याला उतरून गाडी चालू केली की फ्रिज आनंदात. थांबलं की रुसला. कॅम्पिंगचा फ्रिज, जो फक्त गाडी पळत असतानाच चालतो! मुक्काम करायचाच नसेल तर कॅम्पिंगला कशाला जायचं?

गुहागरला पोचायच्या आधी शृंगारतळीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनने जे दहा मिनिटांत शोधलं, ते तुमच्या ‘टेक्निकल टीम’ला आजपर्यंत सापडलेलं नाही, म्हणून ते इथे लिहिते. त्याने बॅटरीवर मीटर लावला : १२.५ व्होल्ट. म्हणजे जवळजवळ भरलेली. मग कॉम्प्रेसर चालू असताना फ्रिजच्या टोकाला लावला : ११.४. वाटेत एक व्होल्टहून जास्त गायब. तो गेला तुमच्या खोक्यातून आलेल्या साडेतीन मीटर वायरमध्ये, जी मोबाइलच्या चार्जरच्या वायरीएवढी बारीक आहे, आणि थोडा गाडीच्या सॉकेटच्या वायरिंगमध्ये. घरच्या २३० व्होल्टला साठ वॅटसाठी पाव अँपिअर लागतो, तिथे बारीक वायर खपून जाते. १२ व्होल्टला तेवढ्याच साठ वॅटसाठी पाच अँपिअर लागतात. हा हिशोब आयटीआयचा पोरगाही करेल. फ्रिज बनवणाऱ्या कंपनीने तो केला नाही यावर माझा विश्वास नाही. केला, आणि तांबं वाचवलं.

आता तुम्ही म्हणाल, बॅटरी प्रोटेक्शन, म्हणजे गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून फ्रिज आपोआप बंद करणारी सोय, ‘एच’ (हाय) वरून ‘एल’ (लो) वर न्यायची. तुमच्या माणसानेही हेच सांगितलं. पण तुमचीच पुस्तिका ठळक अक्षरांत सांगते की गाडीच्या मूळ बॅटरीवर फ्रिज लावला असेल तर ‘एच’च ठेवा, नाहीतर गाडी सुरू होणार नाही. ‘एच’वर तुमचा फ्रिज ११.८ ला बंद पडतो. म्हणजे ‘एच’ ठेवला तर मासे सडतात आणि ‘एल’ ठेवला तर सासूबाईंना घेऊन वेळणेश्वरच्या चढावर गाडी ढकलायची. निवड ग्राहकाची!

त्या इलेक्ट्रिशियनने बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली, बॅटरीजवळ फ्यूज घातला, तुमची केबल फ्रिजच्या बाजूला हातभर ठेवून उरलेली कापली आणि जोडून दिलं. त्या रात्री फ्रिज सकाळपर्यंत अखंड चालला. तोच फ्रिज, तीच गाडी, तीच बॅटरी.

यानंतरचा किस्सा इन्सुलिनचा. फ्रिज थंड करत नाही असं मी म्हणत नाही. चालला तर नको तितकं करतो. पडद्यावर ४ अंश होते. सकाळी पाहिलं तर तळाशी भिंतीला टेकलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या गोठलेल्या आणि वरच्या छोट्या कप्प्यातलं दही कोमट. घरी आल्यावर थर्मामीटर ठेवून पाहिलं : पडदा ४ म्हणत असताना तळाला उणे २ आणि वरच्या कप्प्यात ९. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं आणि एकदा गोठलं की वितळल्यावरही वापरायचं नसतं, हे कुठल्याही औषधाच्या दुकानात सांगतात. वापरातलं पेन सासूबाईंच्या पर्समध्ये होतं म्हणून निभावलं. तुमच्या जाहिरातीत ‘औषधांसाठी उत्तम’ असं लिहिलंय, शेजारी हसणाऱ्या आजीबाईंचा फोटो आहे. आमच्या आजीबाई हसत नव्हत्या.

आता आजचा फोन. तो सविस्तर लिहिते, कारण तुमचं रेकॉर्डिंग ‘गुणवत्तेसाठी’ असतं म्हणे, तेव्हा कुणीतरी ते ऐकावं.

आधी खूप वेळ संगीत. मग एक तरुण, अत्यंत गोड आवाजाचा. “मॅडम, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल कंपनी दिलगीर आहे. फ्रिज कुठे ठेवला होता?” म्हटलं, गाडीत. “गाडी कुठे होती मॅडम?” कोकणात. “अच्छा, बाहेर गरम होतं का?” मी म्हटलं, मे महिना होता. “हां मॅडम, मग तोच इश्यू आहे. गरम हवेत फ्रिजवर लोड येतो.” मी विचारलं, थंड हवेत फ्रिज कशाला लागतो? यावर तो काही क्षण गप्प. मग स्क्रीनवरचं वाचून दाखवल्यासारखं म्हणाला, “मॅडम, आपण एक उपाय करू शकता. फ्रिजमध्ये थोडा बर्फ ठेवायचा.”

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. म्हटलं, काय ठेवायचा? “बर्फ मॅडम. खाली बर्फ पसरायचा, वर सामान ठेवायचं. कूलिंग छान राहतं.” मी म्हटलं, बर्फ आणायचा कुठून? तर म्हणतो, “मार्केटमध्ये मिळतो मॅडम. नाहीतर घरच्या फ्रिजमधून न्यायचा.” मी अगदी शांतपणे विचारलं, मग तुमचा फ्रिज नेमकं काय करणार? “तो बर्फ टिकवतो मॅडम.”

हे वाक्य पुन्हा वाचा. हजारो रुपयांचा, कॉम्प्रेसरचा, ॲपवर चालणारा फ्रिज, जो विकत आणलेला बर्फ टिकवतो. कर्द्याला आमच्या शेजारी तंबू लावलेल्या कोल्हापूरच्या मंडळींकडे थर्माकोलचा खोका होता. हर्णै बंदरावरचा बर्फ, त्याच लिलावातले मासे, वर गोणपाट. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ते मासे तळले आणि आम्हाला आग्रहाने वाढले. त्यांच्या खोक्यावर ना तंबूचा फोटो, ना वाळवंटाचा. मी हे त्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “बघा मॅडम, त्यांनी बर्फ वापरला होता.”

इथे मी फोन ठेवायला हवा होता, पण वॉरंटीचं विचारलं. उत्तर : केबल कापली आहे, त्यामुळे वॉरंटी रद्द. हो, कापली. ती कापल्यावरच तुमचा फ्रिज चालला! नवी केबल तुमच्याच वेबसाइटवर सुटी विकायला आहे, तेव्हा ती फ्रिजचा अवयव नाही हे तुम्हालाही मान्य असावं. आणि कॉम्प्रेसरची वॉरंटी वेगळी आहे, तिचा वायरीशी काय संबंध? तर, “सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही मॅडम.” आणि शेवटी परत, “आणि मॅडम, प्री-कूलिंग केलं होतं का?”

त्या मुलावर माझा राग नाही. त्याच्यासमोर जे लिहून ठेवलंय ते तो वाचतो. ‘बर्फ ठेवा’ हे तुमच्या कार्यालयात कुणीतरी विचार करून लिहिलंय, राग त्या माणसावर आहे. त्यानेच बहुधा खोक्याच्या तळाशी, भिंग लावून वाचावं अशा अक्षरात, ‘चाचणी २५ अंश तापमानात, रिकाम्या फ्रिजवर’ असं छापलंय. हर्णैला मेमध्ये पहाटे चारलासुद्धा २५ अंश नसतं. आणि रिकामा फ्रिज घेऊन कोण फिरतं?

माझ्या मागण्या साध्या आहेत. फ्रिज परत न्या आणि पूर्ण पैसे द्या. वाया गेलेल्या इन्सुलिनचं बिल जोडलं आहे, ते भरून द्या. शृंगारतळीच्या कामाची पावतीही जोडली आहे. तुमचं डिझाइनचं काम त्याने केलंय, त्याची मजुरी तुमच्याकडे लागते. सुरमईचे पैसे मागत नाही. लिलावात पावती मिळत नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं, ‘आम्ही आपल्या संपर्कात आहोत’ असा मेसेज नको. नाही आलं तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मी राहते त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. यायचं तुम्हाला आहे, मला रिक्षाने वीस मिनिटं. ‘औषधांसाठी उत्तम’ आणि ‘कुठेही, कधीही’ या दोन्ही जाहिरातींचे फोटो केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही पाठवणार आहे. मीटरवरच्या १२.५ आणि ११.४ चा व्हिडिओ माझ्याकडे आहे, थर्मामीटरचाही आहे.

तुमच्या कंपनीचं मिक्सर आमच्याकडे माझ्या लग्नापासून आहे आणि अजून चालतं. त्याच नावावर विसंबून हा फ्रिज घेतला. आता तेही नाव पुसून टाकावंसं वाटतंय, पण मिक्सरचा काही दोष नाही.

एक ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, इन्सुलिनचं बिल, इलेक्ट्रिशियनची पावती, फोटो.

ता. क. फ्रिज न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आधी फोन करा आणि दोघांना पाठवा. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट बंद आहे. लिफ्टची कंपनी वेगळी आहे, तिला पत्र उद्या.