हजाराची पेन्शन आणि दीड टक्क्याची महागाई: केंद्रीय श्रममंत्र्यांना खुले पत्र

पुणे, ऑक्टोबर २०२५

मा. केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
सादर नमस्कार.

सप्टेंबर २०२५ चा किरकोळ महागाई दर १.५४ टक्के आला आणि महागाई आटोक्यात आल्याचे मथळे झळकले. भाव मात्र चढेच आहेत, चढण्याचा वेग तेवढा मंदावला. सप्टेंबर २०२४ मध्ये हाच दर ५.४९ टक्के होता. दोन्ही वर्षे एकावर एक धरली, तर सप्टेंबर २०२३ मध्ये १०० रुपयांत येणाऱ्या सामानाला आता १०७ मोजावे लागतात.

भविष्य निर्वाह निधीशी जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची (ईपीएस-९५) किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपयांवर थिजली आहे. तेव्हा औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक सुमारे २५३ होता, आता आधारवर्ष बदललेल्या नव्या मालिकेत १४७ आहे. दोन मालिका जोडणाऱ्या २.८८ या गुणकाने गुणले, की तो जुन्या मालिकेत ४२३ होतो. म्हणजे त्या वेळच्या हजाराची बरोबरी करायला आज साधारण १,६७५ रुपये हवेत, आणि आजच्या हजाराची क्रयशक्ती जेमतेम सहाशे. भोसरी-पिंपरीच्या निवृत्त कामगाराला हे गॅसच्या टाकीवरून कळते. २०१४ मध्ये अनुदानित टाकी पाचशेच्या आत येई, आज पुण्यात साडेआठशेच्या वर आहे. ती घेतली की पेन्शनमधले दीडशेही उरत नाहीत. तूरडाळ आणि रक्तदाबाच्या गोळ्या अजून घ्यायच्याच असतात. किरकोळ महागाई मोजणाऱ्या २०१२ आधारवर्षाच्या निर्देशांकात आरोग्याचा भार ५.८९ टक्केच होता. सत्तरीच्या माणसाचा औषधांवरचा खर्च त्यात मावत नव्हता.

केंद्राच्या पेन्शनरांना जानेवारी आणि जुलैत महागाई सवलत वाढवून मिळते. जुलै २०२५ पासून ती ५८ टक्के झाली, म्हणजे १०,००० मूळ पेन्शनचे १५,८०० झाले. मिळायलाच हवेत. ईपीएसला हीच पद्धत का नाही, एवढाच प्रश्न आहे.

ईपीएससाठी धरायच्या पगाराची १५,००० ची मर्यादाही २०१४ चीच. पेन्शनचे सूत्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. शेवटचा पगार ४०,००० असला तरी १५ वर्षांच्या सेवेला ३,२१४ रुपयेच बसतात. मर्यादा २५,००० केली, तर मालकाच्या हिश्श्यातून पेन्शन निधीत महिना १,२५० ऐवजी २,०८३ रुपये येतील. पण मर्यादेइतक्याच पगारावर भविष्य निर्वाह निधीची कपात होणाऱ्या कामगाराच्या हातात १,२०० रुपये कमी पडतील, हे त्याला आधी सांगा. शिवाय आधीच निवृत्त झालेल्यांना यातून छदामही मिळणार नाही. त्यांच्यासाठी तरतूद अर्थसंकल्पातूनच करावी लागेल.

किमान रकमेचा आकडा किती असावा यावर वाद होऊ शकतो, व्हावाही. पण कोणताही आकडा ठरवून पुन्हा गोठवलात, तर ५ टक्के महागाईत १४ वर्षांत त्याची किंमत निम्मी होते. म्हणून आदेशातच पेन्शन आणि पगारमर्यादा दोन्ही औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाच्या १२ महिन्यांच्या सरासरीला जोडा, फेरबदल जानेवारी-जुलैला. आणि २.८८ चा गुणक आदेशात छापा. तो छापायचा राहिला, तर कुठल्याशा टेबलावर २५३ शेजारी १४७ मांडले जाईल आणि महागाई उणे निघेल.

आपले,
पुणे परिसरातील निवृत्त लेखापाल व वेतन विभागातील कर्मचारी