शंकराला अकरा प्रदक्षिणा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘हौशी वैमानिकांना चाप’ ही कालच्या अंकातली बातमी वाचली. चार आसनांच्या विमानांच्या बातमीला फोटो जेटचा लावलात, ते सोडून देतो. पण ‘व्हीएफआर’ म्हणजे ‘अंदाजाने केलेले उड्डाण’ हा अर्थ आपल्या वार्ताहरांना कुठल्या कोशात सापडला? अहो, ते नजरेने केलेलं उड्डाण. समोरचं किमान ५ किलोमीटर दिसलं पाहिजे, ढग आडवा दीड किलोमीटर आणि उभा १,००० फूट लांब हवा. फाल्गुनात भाजावळीचा धूर खाली साठून राहिला की आम्ही दोन-दोन तास धावपट्टीशेजारी चहा पीत बसतो. अंदाजानेच उडायचं असतं तर एवढा चहा कशाला प्यायलो असतो?

‘विनापरवानगी नियंत्रित हद्दीत (म्हणजे विमानतळाभोवतालच्या, नियंत्रण कक्षाच्या ताब्यातल्या आकाशात) शिरतात’ हे तर कमालच. आधी फ्लाइट प्लॅन म्हणजे उड्डाणाचा आराखडा, मग उड्डाण माहिती केंद्राचा एफआयसी नंबर, मग हवाई दलाचा एडीसी म्हणजे हवाई संरक्षण मंजुरीचा नंबर, आणि एवढं हातात आल्यावर आमचा पंखा फिरतो. हद्दीच्या तोंडाशी पोचलं की पुन्हा रेडिओवर विचारायचं ते वेगळंच.

विचारल्यावर काय होतं ते सांगतो. दोन-तीन वर्षं झाली. फेब्रुवारीतली स्वच्छ दुपार, शेजारी मेव्हणे. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशी खाड्यांची मुखं मोजत, विजयदुर्ग डाव्या हाताला टाकून दक्षिणेला निघालो होतो. पुढच्या हद्दीतून जाण्याची परवानगी मागितली. (नियंत्रण कक्ष कुठला ते लिहीत नाही. उद्या पुन्हा त्यांच्याशीच बोलायचं आहे.) उत्तर आलं, किनाऱ्यापासून १० सागरी मैल बाहेर जा आणि तिथून पार व्हा. म्हणजे साडेअठरा किलोमीटर समुद्रात. माझ्या सेस्ना विमानाला इंजिन एक. १,५०० फुटांवर ते बंद पडलं तर विमान हवेत तरंगत फार तर चार किलोमीटर जाईल. उरलेलं अंतर मी आणि मेव्हण्यांनी पोहून काढायचं, आणि मेव्हणे सांगलीचे.

मी ‘अनेबल’, म्हणजे जमणार नाही, म्हणालो. तसं म्हणण्याचा वैमानिकाला अधिकार आहे. पलीकडून एकच शब्द आला, ‘स्टँडबाय’. म्हणजे थांबा.

खाली कुणकेश्वरचं शंकराचं देऊळ होतं. घिरट्या घालायला लागलो. एक फेरी दोन मिनिटांची, अशा अकरा झाल्या. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत हे कोकणातलं पोरही सांगेल, पण सोमसूत्र (अभिषेकाचं पाणी वाहून जाण्याची वाट) ओलांडू नये हे नियंत्रण कक्षाला कोण सांगणार? सहाव्या फेरीला मेव्हण्यांनी रामरक्षा सुरू केली. त्या २२ मिनिटांत प्रवासी विमान आलं ते एक, खूप वरून, पूर्वेकडे निघून गेलं. मला दिसलं. नजरेने उडतो म्हणतात ते हेच. दहा-अकरा लिटर इंधन जाळून झाल्यावर मला एडीसी नंबर पुन्हा विचारण्यात आला, आणि मग किनाऱ्यानेच जाऊ दिलं! पहिल्यांदा मागितलेल्या वाटेने.

ऑक्टोबर २०२१ मध्ये सिंधुदुर्गातलं चिपी विमानतळ सुरू झालं, जानेवारी २०२३ मध्ये गोव्यातलं मोपा, डिसेंबर २०२५ मध्ये नवी मुंबई. विमानतळ हवेतच, माझी तक्रार नाही. पण प्रत्येकाभोवती हद्द आखली जाते, आणि कोकणात वळसा घालायला जागा कुठे आहे? एकीकडे सह्याद्री, दुसरीकडे समुद्र. किनाऱ्यालगत ठरावीक उंचीची एक वाट कायमची आखून नकाशात छापा, एवढंच मागणं आहे. १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून ‘भारतीय वायुयान अधिनियम’ आला. नाव भारदस्त आहे. एक इंजिनवाल्याला समुद्रात धाडण्याची सवय त्याने जाणार असेल, तर आपल्या वार्ताहरांनी जरूर तसं छापावं. मी पेढे वाटीन.

ता.क. भरती-ओहोटीच्या वेळा आपण पान पाचवरून काढल्यात आणि तिथे राशिभविष्य दोन कॉलमांचं केलंत. आमच्याकडे होडी भरतीला सुटते. कालच्या अंकात माझ्या राशीला ‘जलप्रवास टाळावा’ असं होतं, तेवढ्यावर भागवायचं का?

– एक हौशी वैमानिक, रत्नागिरी